अनुभव सांगा: न निघणारा स्क्रू

गेले तीन रविवार माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल पार्किंगमध्ये डाव्या अंगावर कलंडून पडली आहे. कारण एक स्क्रू. क्लच घसरत होता, प्लेटा बदलायच्या म्हणून उजवीकडचं कव्हर उघडायला घेतलं. ऑइल काढलं, किकचा दांडा काढला. बाकीचे स्क्रू कुरकुरत का होईना, निघाले. खालच्या कोपऱ्यातला, ज्याचा एवढ्या वर्षांचा चिखल खाऊन झालाय, तो काही निघेना. दुसऱ्या झटक्याला पिस्कस घसरला आणि फुलीची वाटी झाली.

नंतर कळलं की चूक पहिल्या झटक्यालाच झाली होती. जपानी मापाच्या स्क्रूची फुली दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखीच, पण खाच वेगळी. फिलिप्सचं टोक तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि कडा खातं. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. तीस वर्षं पाहतोय तो ठिपका, मला वाटायचं साचा खराब असेल.

तर मंडळी, इंजिनाचे हट्टी स्क्रू, नट, बोल्ट तुम्ही घरच्या घरी कसे काढलेत ते लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी लिहा.

गोटीपाना
गॅरेजवाल्याकडे ने. हाच माझा अनुभव.

लेथवर_बावीस_वर्षं (कोल्हापूर)
भावा, थांब. आता पिस्कस लावूच नकोस त्याला.

पहिलं, स्क्रूच्या डोक्यावर जाड पंच ठेवून हातोडीचे दोनचार सरळ ठोके दे. आट्यांतला गंज तडकतो, निम्मं काम तिथंच होतंय. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर आण, हातानं धरून वर हातोडी मारायचा. घाव पडला की टोक खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं, म्हणून वर चढत नाही. एकदा आवळायच्या दिशेनं ठोका, मग उलट. आवळायच्या दिशेनं कशाला, असं सगळे विचारतात. अरे, पकड सुटायची असेल तर कुठल्याही बाजूनं सुटू दे की.

तरी नाही हलला तर डोकं उडव. बरोबर मधोमध सेंटर पंच, आधी बारीक ड्रिल, मग ६ मिलिमीटरचं. डोकं ड्रिलवर येऊन बसतंय. लोक इथंच घाबरतात, पण डोकं गेलं की स्क्रूवरचा ताणच गेला. कव्हर ओढून काढ, मागं बोटभर दांडी उरते ती ग्रिप पक्कडीनं धरून फिरव. दहातल्या आठ वेळा लोण्यासारखी येते.

आणि परत बसवताना अंगात येऊन आवळू नका. एम६ ला, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला, १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुष्कळ होतंय. माझ्याकडं आटे गेलेली जी केसिंगं (इंजिनाची बाहेरची कवचं) येतात, त्यातली निम्मी काढताना नाही, आवळताना गेलेली असतात.

खाडीकाठ (मालवण)
आमच्याकडे खारा वारा. लोखंडाचा बोल्ट, अॅल्युमिनियमचं केसिंग, मधे मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की. पांढरी पूड धरते आणि बोल्ट आत सिमेंट ओतल्यासारखा बसतो.

माझा एक बोल्ट डोक्याखाली तुटला. बाजारातून ईझी-आउट, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा आणला, भोक पाडून आत पिळला, आणि तोही आतच तुटला. तो साध्या पोलादाहून कडक, साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं नाचतं. शेवटी केसिंग पिशवीत घालून कोल्हापूर गाठलं. तिथे स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) मशीनवर तो तुकडा जाळून काढून दिला. बोल्ट दहा रुपयांचा होता, बाकी हिशोब बायकोला अजून सांगितलेला नाही.

हल्ली प्रत्येक बोल्ट बसवताना आट्यांना जरासं कॉपर ग्रीस लावतो. तेव्हा मात्र ठरलेल्या जोरापेक्षा थोडं कमीच आवळतो, कारण ग्रीस असलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

बुलेटवाला_मामा
जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा टायमिंगचा नट. मी आणि मेहुणा, चार फुटी पाइप पान्यावर चढवून दीड तास. मेहुणा पाइपवर अक्षरशः उभा राहिला. शेजारचे रिटायर्ड फिटर काका गॅलरीतून बघत होते. चहा संपवून खाली आले आणि म्हणाले, "किती आवळणार अजून?"

त्या नटाचे आटे उलटे असतात. डावे.

पमाताई (नाशिक)
माझा प्रश्न लहान होता, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू. पितळी, मऊ, डोकं अर्धं खाल्लेलं. व्हिडिओत रबरबँड मधे धरून काढतात, ते लाकडातल्या स्क्रूला ठीक असेल. इथे रबरबँडचे तुकडे झाले आणि स्क्रू तसाच. कामाला आली ती व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. पिस्कसच्या टोकाला मुगाएवढी लावली, अंगाचा भार टाकून हळू पिळलं, निघाला. त्यातली खर खाचेत रुतते म्हणून टोक सरकत नाही. नंतर पेस्ट पूर्ण पुसा, आत गेली तर नको तिथे घासत बसेल.

आणि आता पिस्कसची फुली नाही, अॅलन कीचे स्क्रू घातलेत.

हिवाळी_मीठ (डेट्रॉइटजवळ)
आमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खाडीकाठांचं दुःख समजतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर थंड गाडीवर हलेना. दहा मिनिटं इंजिन चालवून, गरम असताना २२ नंबरचा पाना लावला तर आला. हातमोजे घाला. मी घातले नव्हते.

वऱ्हाडी_पंप
आमच्या शेतावरच्या डिझेल इंजिनाच्या सायलेन्सरचे नट. बाबा गॅसनं नट लालसर करत अन् त्यावर मेणबत्ती टेकवत. मेण वितळून आट्यांत शिरते, मंग पाना लावला का निघते. तेल जिथं जात नाही तिथं हे जाते.

धागाकर्ता
वऱ्हाडी भाऊ, युक्ती भारी, पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा की तुमचं ते डिझेलचं. पेट्रोलच्या गाडीजवळ ज्योत नको, मी आधीच टाकी आणि कार्बोरेटर उतरवून लांब ठेवलेत.

ताजी खबर. इम्पॅक्टनं डोकं आणखी गोल झालं, कारण वाटी व्हायची ती आधीच झाली होती. मग लेथवाल्या दादांचं ऐकून डोकं उडवलं. हात थरथरत होते, ड्रिल मधोमध काही बसलं नाही, कव्हरला एक ओरखडा आला. पण कव्हर निघालं. मागे उरलेल्या दांडीला पक्कड लावायच्या आधी सहज बोटानं फिरवून पाहिलं.

बोटानंच आली हो.

आता कव्हर आणि केसिंगच्या मधला गॅस्केटचा कागद अर्धा केसिंगला चिकटलाय. तो कसा खरवडता?