फाल्को : ससाणा, बाज की आणखी काही?

अनुवादिका: एका पक्षीकोशात 'फाल्को' या प्रजातीसाठी, म्हणजे जवळच्या जातींच्या गटासाठी, मी सरसकट 'ससाणा' लिहिलं. तपासनिसांनी सगळीकडे 'बाज' केलंय. खरुची आणि तुरमतीही फाल्कोच. काय ठेवू?

बहिरीवाला: बाज साफ चूक. बाज म्हणजे गोशॉक, गरुड-घारींच्या कुळातला. मादी बाज, नर जुर्रा. शिकारखान्यात वाटणी डोळ्यांवरून व्हायची. काळ्या डोळ्यांचे स्याहचश्म : बहिरी, शाहीन, लग्गड, तुरमती. पिवळ्या डोळ्यांचे गुलाबचश्म : बाज, शिक्रा. मोठ्या शिक्र्याचे डोळे लालसरही होतात, तिथे फसायला होतं. म्हणून चोच बघा. फाल्कोच्या वरच्या चोचीच्या कडेला, टोकाच्या जरा मागे, दात्यासारखा उंचवटा असतो. त्याने तो भक्ष्याच्या मानेचा मणका तोडतो. बाज नख्यांत आवळून मारतो.

शब्दवेडा: ससाणा 'शशादन'वरून आला, ससे खाणारा. अमरकोशात शशादन हा 'श्येन' या शिकारी पक्ष्याच्या संस्कृत नावाचाच पर्याय आहे.

बहिरीवाला: बहिरी मुख्यतः उडते पक्षी धरते, खरुची उंदीर नि टोळ. ससे कुठून आणायचे?

शब्दवेडा: नाव ठेवणाऱ्याने पोट फाडून पाहिलं नव्हतं. लॅटिन 'फाल्को'सुद्धा विळ्यावरून आल्याचं मानतात. म्हणून 'विळ्या' छापणार का?

रानवाटा: पंखांवरून निघालं असेल तर चपखल आहे! पण खरुचीला ससाणा म्हटलं की वाचक सूर मारणारा पक्षी शोधतो. ती वाऱ्याकडे तोंड करून, शेपटी पसरून एका जागी फडफडत राहते. बहिरी वरून पडते ती ताशी 300 किमीच्या पुढे. प्रजातीला 'ससाणा', आत जातींची जुनी नावं, असं करा.

शुद्धमती: शाहीन, बहिरी, जुर्रा सगळे फारसी-अरबी. 'श्येन' असताना उसनवारी कशाला?

बहिरीवाला: श्येन म्हणजे नेमका कोण? गरुडापासून शिक्र्यापर्यंत कोणालाही लावलाय. शाहीन म्हटलं की बहिरीचीच, पोटाला तांबूस असलेली उपजाती डोळ्यांसमोर येते.

रानवाटा: बरं, वर कोणी 'प्रजाती' जीनससाठी वापरलंय ते बरोबर. वर्तमानपत्रं हिंदीवरून स्पीशीजला, म्हणजे एकेका जातीला, प्रजाती म्हणतात, आणि 'फाल्को प्रजातीच्या सुमारे 40 प्रजाती' असली वाक्यं छापून येतात.

शुद्धमती: जीनसला 'वंश' म्हणा.

शब्दवेडा: आणि रेसला?

शुद्धमती: तेही वंशच. संदर्भाने कळतं.

रानवाटा: कोशात संदर्भ कुठला? नुसती नोंद असते.