बिनसंवादाचं कार्टून: दोन-तीन वर्षांच्या मुलांना दाखवावं की नाही?

रेडिंगवासी_आई
आमच्या घरात मराठी, दाराबाहेर इंग्रजी. लेक अडीच वर्षांची. तिच्यासाठी मी 'टिमी टाइम' निवडलं आणि घरात दोन तट पडले. सासूबाईंचं म्हणणं, "मुकं कार्टून बघून पोर बोलणार कशी?"

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: 'शॉन द शीप'वाल्या आर्डमन या ॲनिमेशन स्टुडिओची ही मालिका 2009 साली बीबीसीच्या सीबीबीज या लहान मुलांच्या वाहिनीवर आली. भाग साधारण 10 मिनिटांचा. टिमी हे कळपातलं एकुलतं एक कोकरू, सगळं आपल्या मनासारखं व्हायची सवय. आता बालवाडीत इतर पिल्लांबरोबर खेळणी वाटून घ्यायला शिकतंय. बाई बगळा, सर घुबड. शीर्षकगीत सोडलं तर अख्ख्या भागात एक शब्द नाही. जो तो आपापल्या आवाजात बेंबें, क्वॅकक्वॅक करतो.

इंग्रजी कार्टून लावलं की ती 10 मिनिटंही इंग्रजीच्या खात्यात जातात. इथे जागा मोकळी राहते. मी शेजारी बसून बोलत राहते, "अगं बघ, हिसकावून घेतलं! आता ते रुसलं." हल्ली तीच मला थांबवून सांगते, "आई, बाई रागावल्या ना." मला हे फार मोलाचं वाटतं.

गोदाकाठ
ताई, तुम्ही शेजारी बसता, म्हणून हे जमतं. बहुतेक घरांत टीव्ही लागतो तो कुकर लावायच्या वेळी. मूल एकटं पडद्यापुढे, आई ओट्यापाशी. अशा वेळी बिनसंवादाचं कार्टून म्हणजे त्या मुलाच्या कानावर अर्धा तास माणसाचा एकही शब्द नाही. आमचा मुलगा उशिरा बोलायला लागला. स्पीच थेरपिस्टनी पहिली अट घातली ती टीव्ही बंद करण्याची, आणि दुसरी, त्याच्याशी दिवसभर बोलत राहण्याची. लावायचंच असेल तर निदान बडबडगीतं लावा, चार शब्द तरी कानावर पडतील.

शब्दवेल्हाळ
गोदाकाठ, शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. 2003 साली बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या 9 महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणसं बसून पुस्तकं वाचत, खेळत होती. एकूण 12 बैठका. दुसऱ्या बाळांना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. पहिल्या बाळांना मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले, पडद्यावाल्यांना नाही. म्हणजे इतक्या लहान वयात पडद्यातून आलेले शब्द वाहून जातात. कार्टून बोलकं आहे म्हणून ते आपोआप बरं ठरत नाही.

गोदाकाठ
मग हा पुरावा माझ्याच बाजूचा झाला! पडदाच नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये हेच सांगितलं: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते चार वर्षं जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम.

निळा_पतंग
एक वेगळी बाजू मांडतो. माझ्या धाकटीला ऐकू येत नाही. बोलक्या कार्टूनमध्ये तिचा दादा हसतो आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत बसते. टिमी लागला की दोघं एकाच क्षणी हसतात. टिमीचे कान पडले, भुवई वर गेली, तो पाय आपटून वळला की तिला सगळं कळतं, आणि लगेच हातवारे करून ती दादाला पुढे काय होणार ते सांगते. या मालिकेत सगळी गोष्ट चेहऱ्यावर आणि अंगावर घडवलेली असते. घरात ती कुणाच्याही मागे नसते असा हा वेळ आहे. "मुकं" म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

रेडिंगवासी_आई
निळा_पतंग, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार.
गोदाकाठ, तासाची मर्यादा मलाही मान्य आहे, आम्ही एका भागावर थांबतो. पण एक बघा. ब्रिटिश कौन्सिलनं आर्डमनबरोबर 'लर्निंग टाइम विथ टिमी' नावाचे वर्ग काढले, दोन ते सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला. एकही शब्द न बोलणारं कोकरू त्यांना भाषा शिकवायला चाललं. शब्द त्यांनी बाहेरून आणले. मग मी माझी मराठी का आणू नये?

गोदाकाठ
जरूर आणा. पण तिथे समोर शिक्षक असतो, हे विसरू नका. आणि तुम्ही जे बोलता ते चित्रांच्या पुस्तकावर बोटं ठेवूनही बोलता येतं, खिडकीतल्या कावळ्याकडे बघूनही. मग पडदा कशाला?

रेडिंगवासी_आई
पुस्तकंही रोज वाचतो. पण टिमी बघताना पुढच्या क्षणी काय होईल हे मलाही माहीत नसतं, त्यामुळे मी खरोखर दचकते, खरोखर हसते, आणि ते तिला बरोबर कळतं. रविवारी सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर असतात, परवा आम्ही फोन टीव्हीकडे वळवून ठेवला, तर पूर्ण भाग त्याच बोलत होत्या, "अरे लबाडा, परत घेतलंस?" म्हणून विरोधी तटातलं एक मत आता आमच्याकडे आलंय.

गोदाकाठ
आजी बोलत असतील तर माझी हरकत नाही. माझी हरकत फक्त कुकरच्या वेळेला आहे, आणि ती कायम राहील.