काळी गाडी घरीच धुऊन पॉलिश-वॅक्स करायची आहे, दसऱ्याच्या आत. सुरुवात कुठून करू?

नऱ्हेकर
नमस्कार मंडळी. गाडी चार वर्षांची, रंग काळा. (इथेच निम्म्या लोकांनी कपाळावर हात मारला असेल.) सोसायटीत रोज सकाळी एक मुलगा गाड्या पुसून जातो. एक बादली, एक फडका आणि तीसेक गाड्या. माझ्या गाडीपर्यंत येईतो बादलीतलं पाणी चहासारखं झालेलं असतं.

परवा रात्री पेट्रोल पंपावर दिव्याखाली गाडी लावली आणि बोनेटकडे लक्ष गेलं. कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल बारीक ओरखडे, दिवा हलेल तसं जाळंही सरकतं. दिवसा सावलीत काहीच दिसत नाही. शिवाय डाव्या बाजूला पांढरे ठिपके आहेत, कारण पार्किंगच्या बरोबर वर टाकीचा ओव्हरफ्लो येतो आणि आमचं पाणी म्हणजे निम्मं बोअर, निम्मं टँकर.

एका डिटेलिंगवाल्याकडे गेलो होतो. त्याने गाडीला हातही न लावता सिरॅमिक कोटिंगचा (रंगावर चढवायच्या टिकाऊ थराचा) आकडा सांगितला. तो ऐकून घरी आलो आणि चहा घेता घेता ठरवलं की आपणच करायचं. आता प्रश्न: आधी पॉलिश की आधी वॅक्स? ऑनलाइन ते ड्रिलला लावायचं स्पंजाचं चाक मिळतं, ड्रिल घरात आहेच, तर घेऊ का? आणि शाम्पू कशाला, भांड्यांचा साबण आहे की, असं बायकोचं म्हणणं. बजेट तीनेक हजार, हातात दोन रविवार.

दीड_बादली
ड्रिल कपाटात ठेवा आणि चावी वहिनींकडे द्या.

बोनेटबहाद्दर
वरच्यांना अनुमोदन. मी हा पराक्रम करून बसलोय, म्हणून सांगतो. जुन्या हॅचबॅकवर ड्रिलला चाक लावलं, कंपाउंड (खरखरीत, जास्त कापणारं पॉलिश) घेतलं आणि बोनेटच्या कडेवर जरा जास्त वेळ फिरवलं. एकाच जागी गोल फिरणारं चाक पत्रा तापवतं, आणि कडेवर रंगाचा थर मुळातच पातळ असतो. दहा-पंधरा सेकंदांत बोटाएवढा पट्टा निस्तेज पडला. वाटलं, घाण राहिलीय, म्हणून आणखी घासलं. शेवटी तिथे प्राइमर, म्हणजे रंगाखालचा थर, दिसायला लागला. बोनेट पुन्हा रंगवायला जो खर्च आला त्यात चांगलं मशीन आलं असतं.

मशीनच घ्यायचं असेल तर ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे ज्याचं पॅड फिरतंही आणि डगमगतंही. जोर जास्त पडला की ते फिरायचं थांबतं, त्यामुळे नवख्याच्या हातून सहसा जाळत नाही. पण तुमच्या तीन हजारात ते बसणार नाही, आणि या दसऱ्याला त्याची गरजही नाही.

रबिंगकाका
नऱ्हेकर, मी पेंट बूथमध्ये पंचवीस वर्षं काढली. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं. गॅरेजात आम्ही सगळ्यालाच ‘रबिंग-पॉलिश’ म्हणतो, त्यातून हा घोळ झालाय. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते वरचा थर किंचित कापून ओरखड्याच्या कडा सपाट करतात. वॅक्स काहीही कापत नाही, वर बसतं आणि पाणी, धूळ, ऊन झेलतं. म्हणून क्रम ठरलेला: धुणं, क्ले, पॉलिश, वॅक्स. उलट केलंत तर लावलेलं वॅक्स स्वतःच घासून काढाल.

आता तो वरचा थर म्हणजे किती? हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉन. डोक्याचा केस 70 च्या आसपास धरा. म्हणजे केसापेक्षा पातळ कातडं घेऊन गाडी आयुष्य काढते, आणि प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खाऊन जातं. दर दिवाळीला रबिंग करून घेणारे लोक मी पाहिलेत. सहा-सात वर्षांत छताची सालं निघायला लागतात.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवून पाहा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, नाद सोडा. तुमचं जाळं नख अडकण्याइतकं खोल नसणार. हाताने पॉलिश केलंत तर ते निम्मं दबेल, पूर्ण जाणार नाही. काळ्यावर निम्मं दबलं तरी पुष्कळ.

आणि जाळं कुणी विणलं ते कळलंय ना? मग आधी ते थांबवा. नाहीतर पॉलिश करून गाडी पुन्हा त्याच फडक्याच्या हवाली करणार.

संत्रानगरी
काकांचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात हवं होतं. कोरडी धूळ कोरड्या कापडाने पुसणं म्हणजे सँडपेपरच की. धूळ झटकायचा पिसारा पण तसाच, धूळ धरून ठेवतो आणि फिरवतो.

मृद्गंध
दादा, धुण्याबद्दल मी सांगते, कारण माझी पांढरी आणि नवऱ्याची गडद निळी अशा दोन गाड्या दर पंधरा दिवसांनी मीच धुते.

भांड्यांचा साबण एकदाच चालेल, तोही जुनं वॅक्स मुद्दाम काढायचं असेल तेव्हा. तेलकटपणा काढायलाच तो बनवलाय, तो वॅक्स ठेवेल कशाला? गाडीचा शाम्पू बुळबुळीत असतो आणि तो बुळबुळीतपणाच कामाचा. त्यावरून कण घसरत निघून जातात, घासले जात नाहीत.

दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातात मायक्रोफायबरचा मोजा. स्पंज नको, त्याच्या तोंडाला कण चिकटून राहतो. आधी नुसत्या पाण्याने सुटी धूळ वाहू द्या, मग छतापासून खाली या. एक पत्रा झाला की मोजा साध्या पाण्यात चोळून पिळायचा, मगच शाम्पूत. पहिल्यांदा केलंत की साध्या बादलीच्या तळाशी बघा. चमचाभर रेती असते. ती आजवर बोनेटवर फिरत होती, हे कळल्यावर मला जेवण गेलं नव्हतं.

दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. चाकांना वेगळं कापड, वेगळं म्हणजे वेगळंच, ‘धुऊन घेतलंय’ नको. ब्रेकची धूळ लोखंडी असते.

पुसायला जुनी बनियन, पंचा, आंघोळीचा टॉवेल यातलं काही नको. मोठा जाड मायक्रोफायबर पसरवायचा आणि दोन टोकांना धरून नुसता ओढायचा. आणि ही कापडं धुताना कपड्यांचा सुगंधी कंडिशनर घालू नका, पाणी शोषायचं बंद करतात. माझ्या सासूबाईंनी प्रेमाने घातला होता, चार टॉवेल गेले.

दीड_बादली
पाण्याचं पण बोला. आमच्या नळाखाली 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला 10 लिटर. पाईप लावून वीस मिनिटं धुतली की 200 लिटर गेले. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहून हे करायचं धाडस नाही. म्हणून मी रिन्सलेस वापरतो, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं औषध. एका बादलीत झाकणभर औषध, सात-आठ छोटे मायक्रोफायबर त्यात बुडवून ठेवायचे. प्रत्येकाची चौपदरी घडी, फिरली की पालटायची, मळलेला परत बादलीत टाकायचा नाही. आख्खी गाडी बारा-पंधरा लिटरमध्ये. चिखल असेल तर मात्र हे करू नका, आधी पाणी मारावंच लागतं.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत बहुतेक गावांत घरासमोर रस्त्यावर साबण लावून गाडी धुणं चालतच नाही. साबण-तेलाचं पाणी जमिनीत मुरतं म्हणून दंड होऊ शकतो. नाणी टाकून फवारा मिळणाऱ्या जागी जायचं आणि घड्याळाकडे बघत धुवायचं. माझा सल्ला: फोम कॅनन घ्या, आधी सगळ्या गाडीवर फेस मारून पाच मिनिटं…

दीड_बादली
साहेब, टँकर म्हटलं वर.

श्टुटगार्टकर
बरं, मागे घेतो.

लाल_माती
रत्नागिरीतून. पांढऱ्या ठिपक्यांवर कुणीच बोललं नाही. ते पाण्यातले क्षार आहेत, पाणी उडून जातं, क्षार राहतो. शाम्पूने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा, कापड भिजवून ठिपक्यांवर अर्धा-एक मिनिट ठेवा, हलकं पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. पत्रा थंड हवा, सावली हवी. व्हिनेगरने तिथलं वॅक्सही जातं, म्हणजे वॅक्सच्या आधीच हे उरका. एवढ्यानेही ठिपक्याची कड दिसत राहिली तर क्षाराने क्लिअरकोट खाल्लाय, मग तिथे पॉलिशच. आणि ओव्हरफ्लोखालची जागा बदलून घ्या, सेक्रेटरीशी भांडा.

आमच्याकडे वेगळंच दुखणं. जांभ्याची तांबडी धूळ दाराच्या रबरात जाऊन बसते आणि समुद्राची हवा खालून पत्रा खाते. मी वरच्या चकाकीपेक्षा गाडीच्या पोटाला पाणी मारण्यात जास्त वेळ घालवतो. पुण्यात तुम्हाला त्याची तितकी काळजी नाही.

नऱ्हेकर
बापरे, वहीच केली मी. क्ले म्हणजे काय ते कळलं नाही. आणि वॅक्स कुठलं घेऊ?

बोनेटबहाद्दर
धुतल्यावर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बोनेटवर फिरवा. खरखर लागली तर धुण्याने न जाणारे कण रुतलेत. क्ले म्हणजे लहान मुलांच्या मातीसारखा लिबलिबीत गोळा. पत्र्यावर शाम्पूचं पाणी शिंपडून तो अलगद सरकवायचा. तो कण ओढून घेतो, स्वतः मळतो, मग दुमडून नवी बाजू काढायची. जमिनीवर पडला तर फेकून द्या. पैसे दिलेत म्हणून उचलून पुन्हा लावलात तर पेट्रोल पंपावरचं जाळं दुप्पट.

वॅक्समध्ये फॉर्म्युला वनचं कार्नोबा पेस्ट वॅक्स सहज मिळतं, टर्टल वॅक्स, थ्रीएम, मेग्वायर्स हेही आहेत. कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. काळ्या रंगाला ओलसर खोल चमक देतं, पण आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांच्या वर धरून चालू नका. सिंथेटिक सीलंट (वॅक्सचंच काम करणारं, पण कृत्रिम) तेवढं ‘ओलं’ दिसत नाही, पण चार-सहा महिने काढतं. दर दोन महिन्यांनी हात चालवायचा कंटाळा असेल तर सीलंट.

रबिंगकाका
वॅक्स लावताना सगळे एकच चूक करतात, पोळीवर तूप थापावं तसं थापतात. जाड लावून जास्त चमक येत नाही, फक्त निघत नाही. हलक्या हाताने, नुसता ढग दिसेल इतकं. एका वेळी पाव बोनेट. जरा वाळलं की बोटाने एक रेघ ओढा. रेघेत स्वच्छ काच दिसली तर पुसायला तयार, फराटा उठला तर थांबा. ऑक्टोबरचं ऊन आहे, सकाळी सातला सुरू करा. पत्र्यावर हाताची पालथी बाजू टेकवा, चटका वाटला तर काम बंद.

वायपरखालचं काळं प्लास्टिक, मडगार्डच्या कडा यांवर आधीच कागदी टेप लावा. त्यावर वॅक्स गेलं की पांढरा डाग बसतो. चुकून गेलंच तर खोडरबराने घासा, शाळेतलं साधं. हसू नका, निघतं.

मृद्गंध
आणि दसऱ्याचं तेवढं लक्षात ठेवा. झेंडूचा हार बोनेटवर तारेने नको, सुतळीनेही नको, वाऱ्याने हलून घासतो. आमच्या पांढऱ्या गाडीवर गेल्या वर्षी हळद दोन दिवस तशीच राहिली, पिवळा ठसा उरला. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तसा तोही गेला पंधरा दिवसांत. कुंकवाचा मात्र गुलाबी छटा धरून बसलाय. पूजा झाली, फोटो झाले की ओल्या कापडाने टिपून घ्या.

नऱ्हेकर
मंडळी, झालं. खर्च दोन हजार सातशे: शाम्पू, मोजा, सहा मायक्रोफायबर, क्ले, हाताने लावायचं पॉलिश, कार्नोबा. बादल्या घरच्या, त्यातली एक गुपचूप परत बाथरूममध्ये ठेवली.

पहिला रविवार धुणं, व्हिनेगर आणि क्लेमध्ये गेला. क्लेचा गोळा पांढरा होता, छतावरून फिरवल्यावर तपकिरी. ठिपके नव्वद टक्के गेले, मागच्या दारावर दोन राहिलेत. दुसऱ्या रविवारी फक्त बोनेट आणि छताला पॉलिश केलं, कारण बोनेट संपेपर्यंत खांदा बोलायला लागला. वॅक्स सगळीकडे. रात्री मुद्दाम त्याच पंपावर गेलो. जाळं आहे, पण शोधावं लागतं.

पुसणाऱ्या मुलाशी बोललो. म्हटलं, आजपासून पत्र्याला हात लावायचा नाही, फक्त काचा आणि चाकं. तर तो म्हणाला, ‘मग पैसे कमी करणार का काका?’ नाही केले. त्याला दोन मायक्रोफायबर दिले, त्यातला एक दुसऱ्या दिवशी आठव्या मजल्याच्या गाडीवर दिसला.

एकच अडचण आली. खंडेनवमीला आई हळद-कुंकू कालवून बोनेटवर स्वस्तिक काढायला आली. बोट टेकवलं की थेंब गोळा होऊन घरंगळायचा. तीनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काय माखून ठेवलंयस रे हिला? देव पण टिकेना.’

रबिंगकाका
आईंना सांगा, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायचं. काचेला वॅक्स लावलं नाहीत ना?

नऱ्हेकर
…लावलं, काका.