अप्रकाशित लघुप्रबंधातील मजकूर वापरताना परवानगी कोणाची घ्यावी?

जिज्ञासू
मी सिंधुदुर्गातील जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. करीत आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका प्राध्यापिकांचा एम.फिल.चा टंकलिखित लघुप्रबंध वाचायला मिळाला. तो छापलेला नाही आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातही नाही. त्याच्या परिशिष्टातील काही ओव्या आणि बाईंनी केलेले त्यांचे वर्गीकरण मला एका प्रकरणात घ्यायचे आहे. माझ्या मार्गदर्शकांच्या मते तळटीप दिली की पुरे. शिवाय याच विषयावर बाईंनी चर्चासत्रात वाचलेल्या निबंधाची झेरॉक्स एका परिचितांकडून माझ्याकडे आली आहे. तिचा उल्लेख करावा का?

ग्रंथपाल
लघुप्रबंधापुरते आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. तो परीक्षेसाठी सादर होऊन वाचकांना खुला झालेला असल्याने त्याचा संदर्भ देण्यास परवानगी लागत नाही, आणि १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ संशोधन, टीका व परीक्षण यांसाठी उचित वापराची मुभा देते. मात्र चार ओव्या उद्धृत करणे वेगळे आणि अख्खे परिशिष्ट उतरवून घेणे वेगळे. ग्रंथालयातील अप्रकाशित साहित्याची नक्कल करण्याची जी स्वतंत्र सवलत याच कलमात आहे, ती लेखक कोण हे ठाऊक असल्यास त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटल्यावरच लागू होते; अनेकजण हे परंतुक न वाचताच तिचा आधार घेतात. ग्रंथालयाने प्रत वाचायला दिली, म्हणजे पुनर्मुद्रणाची परवानगी दिली असे होत नाही.

निवृत्त मार्गदर्शक
खरा पेच त्या झेरॉक्सचा आहे. चर्चासत्रातील निबंध हा बहुधा कच्चा खर्डा असतो. बाईंनी नंतर मत बदलले असेल, किंवा तेच वर्गीकरण त्या स्वतःच्या पुस्तकासाठी राखून असतील. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय त्यातले एक वाक्यही घेऊ नये. पत्रात ‘आपला निबंध वापरू का?’ एवढेच मोघम विचारू नका. आपल्या प्रकरणातील तो परिच्छेद जसाच्या तसा जोडा आणि प्रत आपल्याकडे कशी आली तेही सांगा. एका स्मरणपत्रानंतरही उत्तर आले नाही, तर निबंध बाजूला ठेवून लघुप्रबंधावरच भागवावे.

ओव्या मात्र बाईंच्या नव्हेत, संकलन त्यांचे आहे. परिशिष्टात गाणाऱ्या बायकांची नावे असतील, तर ती छापण्यास त्यांची संमती होती का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. हा प्रश्न आपल्याकडे फार क्वचित विचारला जातो.

लोकवाङ्मय
एक दुरुस्ती सुचवतो. लघुप्रबंधातील वर्गीकरणाशी आपला मतभेद असेल, तर तो मांडण्यासाठी परवानगी मागू नये, फक्त सौजन्य म्हणून कळवावे. अन्यथा टीका लेखकाच्या मर्जीवर अवलंबून राहील.

जिज्ञासू
आभारी आहे. नावे परिशिष्टात आहेत, गावासकट. बाईंना पत्र लिहिते. संदर्भसूचीत नोंद कशी करावी?

ग्रंथपाल
लेखिकेचे नाव, शीर्षक, ‘अप्रकाशित एम.फिल. लघुप्रबंध’, विद्यापीठ आणि वर्ष. तळटिपेत पृष्ठ आणि परिशिष्टाचा क्रमांक द्यावा. निबंधासाठी होकार आला, तर ‘लेखिकेच्या अनुमतीने’ असे तळटिपेत लिहून पत्राची तारीखही द्यावी.