मदत हवी आहे: १७९७ सालचा लंडनचा घड्याळजी आणि फ्रीमेसन लॉजच्या वह्या

लंबक:

नमस्कार मंडळी. जुन्या खिशातल्या घड्याळांचा मला नाद आहे. घड्याळापेक्षा ते कोणी केलं, तो माणूस कुठे राहायचा, पुढे त्याचं काय झालं, यातच जास्त रमते. सध्या लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या एका घड्याळजीच्या मागे आहे. नाव देत नाही, कारण दिल्याने काही फायदा नाही. इतकं सामान्य नाव आहे की त्या काळच्या लंडनमध्ये दर गल्लीत एक सापडेल. खरी अडचण तीच आहे.

माझ्या हातात तीन गोष्टी आहेत. एका लिलावाच्या यादीत त्याच्या फ्रीमेसन प्रमाणपत्राचा फोटो मिळाला. फ्रीमेसन म्हणजे दीक्षा देऊन सभासद करून घेणारी बंधुसंघटना आणि लॉज म्हणजे तिची शाखा. प्रमाणपत्रावर लॉजचा क्रमांक आहे आणि साल लिहिलंय ५७९७! आधी वाटलं लिहिणाऱ्याचा हात घसरला. पण आकडा अगदी टापटीप कोरलेला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एका आर्काइव्हने पाठवलेले लॉजच्या इतिवृत्ताच्या वहीतले दोन फोटो. मार्च १७९८ च्या सभेत त्याच्या नावापुढे 'डिक्लेर्ड ऑफ' असं आहे. मी 'ऑफ'पुढचा शब्द शोधत बसले. मला वाटलं, कुठल्यातरी पदावर नेमणूक जाहीर केली असणार आणि पदाचं नाव लिहायचं राहिलं असणार. पान उलटून पुढच्या सभेत पाहिलं तर त्याचं नावच नाही.

तिसरी गोष्ट: १८०० साली याच नावाचा माणूस दुसऱ्याच एका लॉजमध्ये नव्याने 'मेड' झाल्याची, म्हणजे दीक्षा घेतल्याची नोंद आहे. म्हणजे हा वेगळाच इसम का? एकदा मेसन झालेला माणूस पुन्हा कसा होईल?

क्रमांकाची तर वेगळीच तऱ्हा. प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाचं लॉज शोधलं तर ते कुठल्याशा बंदराच्या गावातलं निघालं, तेही १८०० नंतर सुरू झालेलं. माझा माणूस १७९७ मध्ये तिथे कसा?

दोन महिन्यांनी चार दिवस लंडनमध्ये असेन. कुठे जाऊ, काय आधी मागवू? मी सभासद नाही, ओळखीचंही कोणी नाही. असल्या लोकांना ते दारात तरी उभं करतात का? आधी एका ठिकाणी पत्र पाठवलं होतं, त्यांनी दोन ओळींत कटवलं. त्यामुळे जरा धास्तावलेय.

निव्वळ वाचक:

गुप्त संघटना ना ही? मग कागद कसे मिळतील, आणि मिळाले तर खरे कसे असतील :)

कसर:

निव्वळ वाचक, उलट आहे. हे लोक कागदाच्या बाबतीत भलतेच शिस्तीचे. विधी लिहून ठेवत नसत, पण कोण आला, कोणी वर्गणी थकवली, दारूवर किती खर्च झाला हे सगळं वहीत. शिवाय १७९९ मध्ये ब्रिटिश सरकारने बेकायदा मंडळांविरुद्ध कायदा केला. फ्रीमेसन लॉजेसना त्यातून सूट मिळाली, पण दरवर्षी सभासदांची यादी नाव, पत्ता आणि धंद्यासकट क्लार्क ऑफ द पीसकडे, म्हणजे काउंटीच्या न्यायालयाच्या कारकुनाकडे द्यायची या अटीवर. ही अट थेट १९६७ पर्यंत कागदोपत्री चालू होती. 'गुप्त' म्हणवणाऱ्या मंडळींची सरकारदरबारी हजेरी!

लंबक, आता तुमचं. ५७९७ मधून ४००० वजा करा. १७९७. हे त्यांचं 'ॲनो ल्यूसिस', प्रकाशाचं साल. सृष्टीच्या आरंभापासून मोजायची पद्धत. हात घसरलेला नाही.

क्रमांकाचा घोळ सगळ्यांचाच होतो. लंडनच्या पहिल्या ग्रँड लॉजने (लॉजेसची वरची मध्यवर्ती संस्था) आपल्या लॉजेसचे क्रमांक वारंवार बदलले. मधली लॉजेस बंद पडली की खालची वर सरकवायची. १७७०, १७८०, १७८१, १७९२ असे बदल झाले. मग १८१३ मध्ये दोन ग्रँड लॉजेस एकत्र झाल्यानंतर १८१४ मध्ये, पुढे १८३२ आणि १८६३ मध्ये. तुम्ही बहुतेक नंतरच्या यादीत शोधलंत. तुमचा क्रमांक १७९२ च्या मालिकेतला धरून पाहा. जॉन लेन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात हे सगळं तक्त्यांत मांडलं, 'लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स'. १७१७ ते १८९४ पर्यंतची लॉजेस, प्रत्येकाचे बदललेले क्रमांक आणि ती कुठल्या टॅव्हर्नमध्ये (दारूच्या खानावळीत) भरायची तेही. जालावर फुकट आहे.

तो टॅव्हर्नचा रकाना सोडू नका. बरीच लॉजेस आधी टॅव्हर्नच्या नावानेच ओळखली जात आणि मालकाशी बिनसलं की बिऱ्हाड हलवत. तुमच्या फोटोत सभेची जागा लिहिली असेल तर ती या रकान्याशी जुळवून घ्या, क्रमांकावर विसंबू नका.

दौत:

'डिक्लेर्ड ऑफ' वाचून हसू आलं, कारण मीही एकदा तेच केलंय. पुढे काही लिहायचं राहिलेलं नाही. त्या काळच्या वह्यांत त्याचा अर्थ लॉज सोडलं. राजीनामा म्हणा. वर्गणी थकल्यामुळे नाव कापलं तर 'एक्सक्लूडेड' असा शब्द असतो. तुमच्या घड्याळजीला काढलेलं नाही, तो स्वतःहून बाहेर पडला.

आणि १८०० च्या 'मेड'वरून लगेच दोन माणसं करू नका. १८१३ पर्यंत इंग्लंडमध्ये दोन ग्रँड लॉजेस होती, एकमेकांचं तोंड न पाहणारी. १७१७ ची ती 'मॉडर्न्स' आणि १७५१ ची ती 'एन्शन्ट्स'. गंमत म्हणजे नवी स्वतःला प्राचीन म्हणवायची आणि जुनीला आधुनिक म्हणून हिणवायची. मॉडर्न्सच्या लॉजमधला मेसन एन्शन्ट्सकडे गेला की त्याची आधीची दीक्षा धरत नसत, पुन्हा सगळं करायला लावत. त्यामुळे १८०० चं लॉज एन्शन्ट्सचं असेल तर तोच माणूस दुसऱ्यांदा 'मेड' होऊ शकतो. मॉडर्न्सचंच असेल तर मात्र 'जॉइनिंग' (आधीच मेसन असलेला नव्या लॉजमध्ये आला) अशी नोंद हवी होती, आणि मग तो वेगळा इसम असण्याकडे कल जातो.

सूचीत 'अथॉल' असा शब्द दिसला तर तो एन्शन्ट्ससाठीच. अथॉलचे ड्यूक त्यांचे ग्रँड मास्टर होते.

लंबक:

कसर, दौत, किती आभार मानू. रात्री बसून लेनच्या तक्त्यात शोधलं. १७९२ च्या मालिकेत तो क्रमांक क्लार्कनवेलपासून चालत जाता येईल अशा लॉजचा निघाला आणि टॅव्हर्नही जुळली! आणि १८०० चं लॉज 'अथॉल'.

पण मला जास्त धक्का दौतच्या पहिल्या परिच्छेदाने बसला. मार्च १७९८ मध्ये त्याने लॉज सोडलं. घड्याळांच्या इतिहासात ही तारीख ओळखीची आहे. १७९७ च्या जुलैमध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने घड्याळांवर वार्षिक कर बसवला. सोन्याच्या खिशातल्या घड्याळाला १० शिलिंग, चांदीच्या किंवा इतर धातूच्या घड्याळाला अडीच शिलिंग, भिंतीवरच्या किंवा उभ्या घड्याळाला ५. लोकांनी घड्याळं घ्यायचंच सोडलं. कारागिरांची कामं गेली, त्यांनी पार्लमेंटकडे गाऱ्हाणी नेली आणि एप्रिल १७९८ मध्ये कर रद्द झाला. माझा माणूस त्याच्या एक महिना आधी लॉजमधून बाहेर. इतके दिवस मी तो शब्द पदोन्नती समजत होते आणि तो बहुधा खिसा रिकामा झाल्याचा शब्द होता.

कसर:

दुवा छान आहे, पण अजून कागदावर नाही. लोक घर बदललं, भांडण झालं, बायकोने तंबी दिली म्हणूनही सोडत. खजिनदाराची वही उरली असेल तर ती मागा. १७९७ च्या शेवटच्या दोन तिमाह्यांची वर्गणी त्याने भरली का, उशिरा भरली का, तिथे दिसेल. अशा वह्या कधी लॉजकडेच राहिल्या, कधी जळाल्या, कधी कोणाच्या माळ्यावर गेल्या. लॉजचे कागद कुठे आहेत हे आधी विचारून घ्या.

आता चार दिवसांचं. पहिला मुक्काम म्युझियम ऑफ फ्रीमेसनरी, ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसन्स हॉल. सभासद असायची गरज नाही, वाचनालयासाठी आधी वेळ घ्यावी लागते. पण सभासद-नोंदवह्या बघायला तिथे वेळ दवडू नका. १७५१ ते १९२१ च्या नोंदवह्यांची पानं अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून घरी दिसतात. सूचीवर थांबू नका, मूळ पान उघडा. सूची करणाऱ्याने शेरे घेतलेले नसतात, आणि तुमचं काम शेऱ्यातच आहे. एन्शन्ट्सच्या नोंदी १७५१ पासून, मॉडर्न्सच्या साधारण १७६८ पासून. वय, धंदा, पत्ता हे रकाने असले तरी भरलेले असतीलच असं नाही.

तिथे प्रत्यक्ष बघायची चीज म्हणजे मदतीचे अर्ज. अडचणीत आलेला मेसन किंवा त्याची विधवा ग्रँड लॉजच्या धर्मादाय समितीकडे अर्ज करायची. आजारपण, कर्ज, किती मुलं, काम का गेलं, सगळं त्यात येतं. तुमच्या माणसाने १७९८ च्या आसपास अर्ज केला असेल तर कराचा उल्लेख त्याच्याच शब्दांत मिळेल. मुलींसाठी १७८८ मध्ये आणि मुलांसाठी १७९८ मध्ये शाळाही निघाल्या होत्या. मुलं असतील तर तिथलेही अर्ज विचारा.

दौत:

दुसरा मुक्काम लंडन आर्काइव्ह्ज. क्लार्कनवेल तेव्हा मिडलसेक्स काउंटीमध्ये आणि मिडलसेक्सच्या सेशन्सचे (काउंटीच्या न्यायालयाचे) कागद तिथे आहेत. कसरने सांगितलेल्या १७९९ च्या कायद्याच्या याद्या त्यातच शोधा. १८०० चं लॉज मिडलसेक्सच्या हद्दीत भरत असेल तर त्याच्या यादीत तुमच्या माणसाच्या नावापुढे धंदा असेल. 'घड्याळजी' मिळाला तर अर्धी लढाई जिंकलीत. 'खानावळवाला' मिळाला तर दुसरा माणूस, विषय संपला.

यादीत 'वॉचमेकर'च असेल असं धरू नका हं. तुम्हाला सांगायला नको, पण त्या काळी एक घड्याळ वीस-पंचवीस हातांतून जायचं. 'फिनिशर', 'मोशन मेकर', 'एस्केपमेंट मेकर' काहीही लिहिलेलं असू शकतं.

पत्ता जुळवायला सन फायर ऑफिसच्या विमा-नोंदवह्या बघा. दुकानाचा विमा उतरवला असेल तर रस्ता आणि धंदा दोन्ही एका ओळीत मिळतात. आणि तो कोणाकडे शिकला हे हवं असेल तर नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये १७१० ते १८११ च्या उमेदवारी-करारांवरच्या मुद्रांक शुल्काच्या वह्या आहेत.

लंबक:

आज अथॉल नोंदवहीचं मूळ पान उघडलं. सूचीत धंदा रिकामा होता, पानावर नाही. बारीक अक्षरात, रकान्याच्या रेघेवर चढवून लिहिलंय: 'वॉच फिनिशर'. पत्ता वेगळा आहे, पण क्लार्कनवेलचाच, आधीच्या गल्लीपासून जरा आतला. दुकानातून मागच्या खोलीत गेल्यासारखं वाटलं. हे अजून पुरावा नाही, माहीत आहे, कसर.

मदतीच्या अर्जांसाठी पहिल्या दिवसाची वेळ मागितलीय. दुसरा दिवस मिडलसेक्सच्या यादीला. विम्याच्या वह्या तिसऱ्या दिवशी. एक शंका: १७९८ चे अर्ज मागवताना मॉडर्न्सचे सांगू की एन्शन्ट्सचे? तेव्हा तो मधल्यामध्ये होता.

कसर:

दोन्ही. मार्चमध्ये सोडलं असलं तरी अर्जावर जुन्या लॉजचं नाव घालून मदत मागितलेली असू शकते. आणि १८०० नंतरचे एन्शन्ट्सचेही बघा, तिथेही दिवस फार सुधारले नसतील.

दौत:

आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत. मी दाराशी टोक मोडलेली पेन्सिल घेऊन उभी होते.