मदत हवी आहे: जुन्या संगणकातला डेटा कायमचा पुसायचा आहे (नाशिक)

सिडकोतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसमधले दोन संगणक भंगारात काढायचे आहेत. आत ग्राहकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आहेत, त्यामुळे क्विक फॉरमॅटवर भागणार नाही. त्याने फाइलींची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो.

पहिल्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोजच्या डिस्कपार्ट टूलमध्ये 'क्लीन ऑल' दिलं (याने पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात; नुसतं 'क्लीन' फक्त पार्टिशनची नोंद काढतं), पण मधेच आय/ओ एरर (वाचण्या-लिहिण्यातली चूक) येऊन थांबतं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ४८ रीअलोकेटेड सेक्टर दिसतात, म्हणजे खराब म्हणून डिस्कने बाजूला काढलेले भाग. बाजूला काढलेल्या त्या सेक्टरांवर शून्यं लिहिली जातच नाहीत, म्हणून ही फोडावी असं माझं मत.

खरी अडचण दुसऱ्याची, १२० जीबी साटा एसएसडीची. वेअर लेव्हलिंगमुळे (झीज सारखी व्हावी म्हणून ड्राइव्ह लिखाण वेगवेगळ्या ब्लॉकवर फिरवतो) काही ब्लॉक वरून लिहून गाठता येत नाहीत, म्हणून लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून एचडीपार्म या कमांडने सिक्युअर इरेज (ड्राइव्हला स्वतःच सगळं पुसायला लावणारा आदेश) करायचं आहे. पण ड्राइव्ह 'फ्रोझन' दाखवतो, म्हणजे पुसण्याचा आदेश घेत नाही. सस्पेंड करून उठवलं तरी तेच.

१) चालू मशीनवर एसएसडीची फक्त पॉवर वायर काढून पुन्हा लावल्यावर कुणाचं फ्रोझन सुटलं आहे का? जुन्या बोर्डावर आधी बायॉसमध्ये साटाचा मोड एएचसीआय करावा लागतो का?
२) सातपूर किंवा अंबड भागात डिस्क समोर श्रेड करून सिरियल नंबरसह प्रमाणपत्र देणारा नोंदणीकृत ई-कचरा रीसायकलर माहीत आहे का? नुसत्या पावतीवर डिस्क सोपवायची नाही.