सॅल्मन धरायचा हक्क नाही, मग ऐनू संग्रहालय कुणासाठी?

अनघा_पुणे

ऑक्टोबरमध्ये होक्काइदोला जाऊन आले, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

होक्काइदो म्हणजे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट. तिथले मूळ रहिवासी ऐनू. १८६९ मध्ये मेइजी सरकारने बेटाला हे नवं नाव दिलं, दक्षिणेकडून माणसं आणून वसवली आणि ऐनू आपल्याच मुलखात उपरे झाले. शिराओई गावात तळ्याकाठी 'उपोपोय' आहे, ऐनूंचं राष्ट्रीय संग्रहालय आणि उद्यान. २०२० च्या जुलैत सुरू झालं. नावाचा अर्थ, खूप जणांनी मिळून गाणं.

तिथे मी एका बुटांच्या जोडापाशी अडकले. सॅल्मनच्या कातड्याचे बूट. (आपल्याकडे 'इंडियन सॅल्मन' म्हणून रावस विकतात, तो मासा वेगळा.) करडं, कडक कातडं, हाताने शिवलेलं, आणि माशाच्या पाठीवरचा पर बरोबर तळव्याखाली येईल असं बेतलेलं. बर्फावर पाय घसरू नये म्हणून! ऐनू या माशाला 'कामुय चेप' म्हणतात, देवाचा मासा. ताजा खायला तोच, हिवाळ्यासाठी सुकवायला तोच, पायात घालायलाही तोच.

आणि आज ऐनू माणसाला स्वतःच्या नदीत उतरून तो धरता येत नाही. विधीपुरता हवा असेल तर होक्काइदोच्या गव्हर्नरची परवानगी काढावी लागते. २०१९ मध्ये मोंबेत्सूच्या एका ज्येष्ठ ऐनूने ती न काढता विधीसाठी मासे धरले, तर मागे पोलिस लागले. उराहोरोची 'रापोरो ऐनू नेशन' ही संघटना कोर्टात गेली. एप्रिल २०२४ मध्ये साप्पोरो जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला.

बूट काचेत जपायचे आणि मासा धरणाऱ्याला चौकशीला बोलवायचं, याला मी जतन म्हणणार नाही.

उत्तरेचा_वारा

अनघाताई, सहा वर्षं साप्पोरोत राहतोय, म्हणून विरोधात लिहितो.

नदीतला सॅल्मन फक्त ऐनूंना बंद नाही. १९५१ च्या कायद्याने तो सगळ्यांनाच बंद आहे. अंडी घालायला वर चढणारा मासा वाटेतच धरला तर पुढे काही उरत नाही. नदीत आलेले मासे ठरावीक ठिकाणी धरायचे, हॅचरीत अंडी उबवायची, पिल्लं नदीत सोडायची, यावर इथली मासेमारी उभी आहे. कोर्टानेही ऐनूंची संस्कृती नाकारलेली नाही. नदी सार्वजनिक आहे, तिच्यातल्या मासेमारीवर एकाच गटाचा हक्क मान्य करता येत नाही, एवढंच म्हटलंय.

आणि संग्रहालयाला कमी लेखू नका. तिथल्या दालनांत ऐनू भाषेला पहिला मान आहे, जपानी नंतर. याच देशाचे पंतप्रधान नाकासोने १९८६ मध्ये जपान एकजिनसी राष्ट्र असल्याचं सांगत होते. २०१७ च्या सर्वेक्षणात होक्काइदोत १३,११८ ऐनूंची नोंद झाली. खरी संख्या जास्तच असणार, कारण लग्नात, नोकरीत आड येऊ नये म्हणून घराघरांत हे लपवलं गेलं. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंना आजी गेल्यावर कळलं की आपण ऐनू. उपोपोय बघून आल्या आणि आता दर आठवड्याला भाषेच्या वर्गाला जातात. हे कमी आहे का?

कोयनाकाठ

'नदी सार्वजनिक आहे' हे वाक्य आमच्या घरात फार ऐकलंय. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. म्हणून मला निबुतानी आठवतं.

सारू नदीकाठचं गाव, ऐनूंची जुनी वस्ती. धरण मंजूर झालं, जमीन संपादन सुरू झालं. तादाशी काइझावा आणि शिगेरू कायानो या दोघांनी जमीन द्यायला नकार दिला. काइझावा १९९२ मध्ये वारले, मुलाने खटला चालू ठेवला. मार्च १९९७ मध्ये निकाल आला की ऐनू मूलनिवासी आहेत आणि त्यांच्या संस्कृतीचा नीट विचार न करता केलेलं संपादन बेकायदा आहे. पण धरण बांधून झालंय, ते पाडणं लोकहिताचं नाही. म्हणून दावा फेटाळला. खरे ठरले आणि जमीन गेली ती गेलीच.

याच कायानोंच्या लहानपणी त्यांच्या वडिलांना सॅल्मन धरला म्हणून पोलिस घरातून घेऊन गेले होते. तो मुलगा १९९४ मध्ये जपानच्या संसदेत बसलेला पहिला ऐनू झाला आणि तिथे ऐनू भाषेत बोलला.

वारासाहेब, नियम सगळ्यांना सारखा म्हणता, पण सुरुवात कुठे सारखी होती? १८९९ च्या कायद्याचं नाव 'संरक्षण'. त्याने ऐनू कुटुंबाला शेतीसाठी ५ हेक्टरपर्यंत जमीन देऊ केली. चांगली जमीन आधीच नव्या वसाहतींना वाटून झाली होती. मासेमारी-शिकारीवर जगणाऱ्याच्या हाती नांगर दिला, आणि १५ वर्षांत जमीन लागवडीखाली आणली नाही तर ती परत काढून घ्यायची. हा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात होता! मासा संपत आला तो ऐनूंनी खाल्ला म्हणून नव्हे.

मास्तर_डहाणू

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. मासा उद्या परत मिळेल, पण त्याला हाक मारायला शब्द कुठून आणणार? २००९ मध्ये युनेस्कोने ऐनू भाषा अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्यांत धरली.

मी वारली पाड्यावर शिकवतो. पोर घरचा शब्द बोललं की बाकीची हसतात आणि ते पुढे आठवडाभर तोंड उघडत नाही. म्हणून मला युकिए चिरी या मुलीचं फार वाटतं. ऐनूंची भाषा हलकी समजली जात होती त्या काळात तिने आजीकडून ऐकलेली १३ गाणी लिहून काढली, शेजारी जपानी अनुवाद केला. हृदय आधीच कमजोर होतं. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये, हस्तलिखित पुरं केलं त्याच रात्री, ती गेली. वय १९. आज कुणी ऐनू शिकतं ते तिच्या वहीच्या जोरावर. आधी भाषा शिकवा, हक्काच्या लढाया नंतर.

कोयनाकाठ

मास्तर, 'नंतर' कधीच येत नाही. आमच्या पुनर्वसनाचंही 'नंतर'च होतं.

शंकेखोर

उपोपोयचं कौतुक करताना तिथल्या स्मारकाबद्दल कुणीच बोललं नाही. संशोधनाच्या नावाखाली ऐनूंच्या कबरी उकरून नेलेल्या अस्थी विद्यापीठांत पडून होत्या, एकट्या होक्काइदो विद्यापीठात हजाराहून जास्त जणांच्या. कपाटातून काढून त्यांतल्या बऱ्याचशा शिराओईला ठेवल्या. पण त्यांना हवी होती आपल्या गावची माती. उराकावाच्या लोकांना काही अस्थी २०१६ मध्ये परत मिळाल्या, त्याही कोर्टात गेल्यावर.

अनघा_पुणे

मी त्या इमारतीपाशी पोचलेच नाही, शेवटची बस पकडायची होती. आता चुटपुट लागली.

वारा, तुमच्या ऑफिसातल्या बाईंचं वाचून मी 'कुणासाठी' हा प्रश्न मागे घेते. त्यांच्यासाठी आहे. पण २०१९ च्या कायद्याने ऐनूंना मूलनिवासी म्हटलं आणि नदीचा, जमिनीचा हक्क त्यात आलाच नाही, हे मला अजून पटत नाही.

उत्तरेचा_वारा

आज जेवणाच्या सुट्टीत त्यांना हा धागा वाचून दाखवला, जमेल तसं जपानीत. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'चेप' हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. नदीतला सॅल्मन मात्र त्यांनी आजवर हातात धरलेला नाही, दुकानातला कापलेलाच पाहिलाय.

हॅचरीबद्दलचं माझं मत कायम आहे. पण विधीच्या माशासाठी अर्ज करायला लावू नये, इथपर्यंत मी आलोय.